हजेरीपटावरचा उशीर आणि टेबलावरचा उशीर

सरकारी कचेऱ्यांतील वक्तशीरपणाचा प्रश्न ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा उपस्थित होत असतो. एखादे परिपत्रक निघते, पहिले आठ-पंधरा दिवस दारावर गर्दी होते, लेट मार्कांच्या तांबड्या खुणा वाढतात, आणि मग सारे पूर्ववत होते. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने असेच एक परिपत्रक काढले. बोटाच्या ठशाने हजेरी नोंदविण्याची पद्धत केंद्रीय कचेऱ्यांत २०१४ मध्येच सुरू झाली होती. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, ती थांबविण्यात आली आणि ८ नोव्हेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. तरीही अनेक कर्मचारी यंत्राला टाळतात, असे आढळल्यामुळे विभागाला जुन्या नियमाचे स्मरण करून द्यावे लागले. उशिरा येणाऱ्याची दर उशिरामागे अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कापावी. मात्र सबळ कारण असल्यास महिन्यातून दोन वेळा, एक तासापर्यंतचा उशीर माफ करावा, असा हा नियम आहे.

परिपत्रकाचा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. दहा वाजता उघडायची खिडकी साडेदहाला उघडते, आणि रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाला कोणी कारणही सांगत नाही, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही तो नाकारता येणार नाही. जनतेच्या पैशातून ज्यांचा पगार होतो त्यांनी जनतेची वेळ पाळली पाहिजे. पण वेळेची नोंद कशासाठी ठेवायची, ती कोणाकोणाची ठेवायची आणि त्या नोंदीचे पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून नुसते यंत्र बसविल्याने काय साधते? गेल्या शतकभराचा आणि विशेषतः गेल्या वीस वर्षांचा अनुभव या बाबतीत पुष्कळ शिकवून गेला आहे. तो ध्यानात न घेता दरवेळी नव्याने आरंभ करायचा, ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे.

घड्याळ कोणाच्या हाती?

वेळ नोंदविणारे यंत्र हे मूळचे कारखान्याचे अपत्य. अमेरिकेतील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ छापणारे घड्याळ तयार केले आणि ते लवकरच गिरण्या-कारखान्यांच्या दारांवर दिसू लागले. आपल्याकडे तेव्हा मुंबईच्या गिरणीत भोंगा होता आणि मुकादम होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्याबरोबर उजाडे आणि सूर्याबरोबर मावळे. उन्हाळ्यात तो आपोआप लांबत असे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातील मागण्या आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. म्हणजे वेळ ठरवून द्या, ही मागणी मालकांच्या आधी कामगारांची होती. रविवारची सुटी पदरात पडायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्याविरुद्ध असंतोष उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आला. १९२२ मध्ये तो अकरा तासांचा, १९३४ मध्ये दहा तासांचा आणि १९४६ च्या दुरुस्तीने नऊ तासांचा झाला. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर हे सूत्र कायम केले. हा सगळा इतिहास घड्याळाच्या मालकीचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईच्या स्थानिक वेळेत आणि तिच्यात सुमारे ३९ मिनिटांचे अंतर होते. घड्याळ पुढे सरकले, पण सूर्य काही लवकर उगवेना! तेव्हा गिरणी कामगारांनी काम थांबवून निषेध केला, तो घड्याळाविषयीच्या अज्ञानातून नव्हे. आपल्याला विचारल्यावाचून आपली पहाट कोणी तरी पाऊण तासाने अलीकडे ओढली, हे त्यांना नेमके समजले होते.

गिरणीच्या फाटकाशी उशीर म्हणजे काय होते, हेही विसरता कामा नये. फाटकाबाहेर बदली कामगारांची रांग उभी असे. कायम कामगार चुकला की त्याचा साचा बदलीकडे जाई, आणि कोणाला आत घ्यायचे हे मुकादमाच्या मर्जीवर ठरे. उशीर दहा मिनिटांचा, पण किंमत दिवसाच्या पगाराची. शिवाय मुकादमाची खुशामत वेगळी. नोंद नसली की मर्जी चालते, आणि मर्जी चालली की लाच चालते. म्हणूनच हजेरीची स्वच्छ, लेखी नोंद ही कामगाराच्या हिताचीच गोष्ट आहे.

अपराध आणि शिक्षा

कायद्याने या बाबतीत जे तत्त्व घालून दिले ते मोठे समंजस होते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने गैरहजेरीबद्दल पगार कापण्याची मुभा मालकाला दिली. पण कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असली पाहिजे, असे बजावले. अर्ध्या तासाच्या गैरहजेरीला अर्ध्या तासाचा पगार, हे सर्वसाधारण सूत्र. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमत करून पूर्वसूचनेविना काम सोडले, तर मात्र अपवाद. दंड ही गोष्ट कायद्याने वेगळी मानली. तो वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असू नये, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, दंडाची नोंदवही ठेवावी आणि जमा झालेला पैसा कामगारांच्या हितासाठीच खर्चावा, अशी बंधने घातली. २०१९ च्या वेतन संहितेनेही प्रमाणशीर कपातीचे हे तत्त्व कायम ठेवले आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना आदेशांनी एखाद्या दिवशीचा उशीर आणि सवयीचा उशीर यांत भेद केला. गैरवर्तनाच्या यादीत गेला तो दुसरा.

सरकारी कारकुनाला वेतन प्रदान कायदा लागू नव्हता, हे खरे. परंतु त्यातील न्यायबुद्धी कचेरीच्या उंबरठ्याबाहेरच का थांबावी? तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा, हा हिशोब कित्येक कचेऱ्यांत आणि शाळांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. दहा-दहा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे अर्धा तास. त्याच्या मोबदल्यात जाते एका पूर्ण दिवसाची रजा. वर्षाला किरकोळ रजा मिळतात आठ. यावर असे उत्तर दिले जाते की, शिक्षा जरा जाचक असल्यावाचून जरब बसत नाही. या उत्तरात तथ्य असते तर एवढ्या वर्षांत ती बसायला हवी होती. प्रत्यक्षात या नियमाचा परिणाम उलटाच झालेला दिसतो. दहा मिनिटे उशीर होणार असे दिसले की शहाणा कर्मचारी धापा टाकत येण्याऐवजी सरळ अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. कचेरीला दहा मिनिटांऐवजी चार तासांना मुकावे लागते. आणि जो येतो त्यालाही संध्याकाळी थांबून काम पुरे करण्याचे कारण उरत नाही. त्याने दंड आधीच भरलेला असतो.

या हिशोबाची दुसरी बाजू तर कोणी मांडतच नाही. मार्च अखेर आली, विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले, निवडणूक लागली की तोच कारकून रात्री आठ-नऊपर्यंत टेबलाशी असतो. त्या जादा तासांची नोंद कोणत्या मस्टरवर होते? सकाळची दहा मिनिटे तांबड्या शाईने लिहिली जातात आणि संध्याकाळचे तीन तास कोणत्याच शाईने लिहिले जात नाहीत. एका बाजूचेच पारडे असलेल्या या तराजूला शिस्तीचे साधन कसे म्हणायचे?

युरोपात हा प्रश्न नेमका उलट्या टोकाने सुटला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी एका बँकेविरुद्ध स्पेनमधील कामगार संघटनेने केलेल्या दाव्यात असा निर्णय दिला की, प्रत्येक कामगाराचे रोजचे कामाचे तास मोजण्याची विश्वासार्ह व्यवस्था मालकांनी उभी केली पाहिजे. कशासाठी? उशीर पकडण्यासाठी नव्हे. तर मोजमापच नसेल तर कमाल तासांची मर्यादा आणि विश्रांतीचा हक्क कागदावरच राहतो म्हणून. आपल्याकडेही या विचाराची निकड वाढत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा काम कामगाराच्या लेखी संमतीने आणि जादा मोबदल्याने घ्यायचे, अशी अट घातली. ही अट खरोखर पाळली जाते की नाही, हे सांगणार कोण? तासांची नोंद, आणि तीही मालकाच्या कुलुपात नव्हे, तर कामगाराला पाहता येईल अशी.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

यंत्राने माणूस वक्तशीर होतो काय, या प्रश्नावर आपल्या देशात काही उत्तम अभ्यास झाले आहेत. २००३ मध्ये वीस राज्यांतील सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देण्यात आल्या. पंचवीस टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्रातील प्रमाण सर्वांत कमी, १४.६ टक्के होते, तर झारखंडमध्ये ते ४१.९ टक्के निघाले. महाराष्ट्रातील शिक्षकांना या आकड्याचे समाधान वाटले तर ते गैर नाही. पण त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा होता: देशभरात प्रत्यक्ष शिकवीत असलेले शिक्षक निम्मेच आढळले. म्हणजे शाळेत असणे आणि शिकविणे या दोहोंत जे अंतर आहे ते कोणत्याही हजेरीपटाने मोजता येत नाही.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्याने शाळा भरताना आणि सुटताना शिक्षकाचे छायाचित्र घ्यायचे. त्यावर तारीख-वेळ उमटायची. आणि पगार हजर दिवसांच्या हिशोबाने द्यायचा. इतरत्र गैरहजेरी ४२ टक्के असताना या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली आणि मुलांची प्रगतीही सुधारली. यंत्राच्या पुरस्कर्त्यांनी हा प्रयोग फार उचलून धरला. त्याच जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रांतील परिचारिकांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचे नाव मात्र क्वचित घेतले जाते. तेथेही वेळ छापणारे यंत्र आले आणि पहिले काही महिने उपस्थिती चांगलीच सुधारली. मग वरिष्ठ कचेरीने ‘सूट दिलेले दिवस’ उदारपणे मंजूर करायला आरंभ केला. सोळा महिन्यांनी पाहिले तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काडीचाही फरक उरला नव्हता. कर्नाटकातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाच्या ठशाची यंत्रे बसविली तेव्हा परिचारिका, औषधनिर्माते आणि तंत्रज्ञ यांची उपस्थिती वाढली. डॉक्टरांच्या उपस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

या तिन्ही अनुभवांचा अर्थ स्पष्ट आहे. यंत्र नोंद करते. त्या नोंदीवर निर्णय माणूसच घेतो. जेथे निर्णय घेणारा तटस्थ आणि ठाम असतो तेथे यंत्र उपयोगी पडते. जेथे तो ढिला असतो तेथे यंत्र शोभेचे होते. आणि जेथे नोंद खालच्यांचीच होते आणि वरच्यांची होत नाही, तेथे यंत्र अन्यायाचे साधन बनते. मराठी कचेरीतल्या कोणालाही हे शोधनिबंध वाचल्याशिवाय ठाऊक आहे. शिपाई पाच मिनिटे उशिरा आला तर तो ‘उशिरा’ येतो; साहेब दोन तास उशिरा आले तर ते ‘दौऱ्यावरून’ येतात.

पळवाटांचीही कथा जुनीच. मस्टरच्या काळात शेजारच्याची सही करणारे मित्र होते. यंत्राच्या काळात सिलिकॉनचे बनावट अंगठे निघाले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोन वेळा छायाचित्रे काढून ती मोबाईलवरील अ‍ॅपने चढविणे सर्वत्र सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच कबूल करावे लागले की, असंबद्ध छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच छायाचित्र काढणे, असे गैरप्रकार या पद्धतीत शिरले आहेत. दरम्यान जेथे मोबाईलला रेंज नाही अशा डोंगरकपारीत दिवसभर खणती करणाऱ्या मजुराची हजेरी बुडाली, तर त्याची मजुरी बुडाली. लबाडाला वाट सापडली आणि प्रामाणिकाला भुर्दंड बसला! नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. रस्ता झाडणाऱ्याचे प्रत्येक पाऊल मोजण्याची तत्परता ज्यांच्या ठायी आहे, त्यांनी त्याला हातमोजे, गमबूट आणि साबण वेळेवर मिळतो की नाही याची नोंदही तितक्याच तत्परतेने ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भीतीने आणलेल्या वक्तशीरपणाचे आयुष्य किती, याचा धडा देशाने १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात घेतलेला आहे. गाड्या वेळेवर धावतात आणि बाबू वेळेवर येतात, याचा त्या वेळी मोठा गाजावाजा झाला. कर्मचारी दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसत, हे खरे होते. पण त्यामुळे खुर्चीसमोरच्या माणसाची कामे लवकर झाली, असे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. आणीबाणी उठली आणि धाकाचा वक्तशीरपणाही तिच्याबरोबर गेला.

शाळेची घंटा

शिक्षकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमाने शिक्षकाने नियमितपणे आणि वेळेवर शाळेत यावे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. वर्गावर जाण्याची घंटा झाली आणि शिक्षक आला नाही, तर चाळीस मुलांची प्रत्येकी पाच मिनिटे जातात. हा हिशोब शिक्षकांनी कधी टाळू नये. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टाने शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरविताना पाठाच्या तयारीचा वेळही त्यात धरला आहे. आणि सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे म्हटले आहे. रात्री घरी वह्या तपासणाऱ्या शिक्षकाच्या त्या तासांना कोणते यंत्र ठसा देते? दुपारी वर्ग सोडून ऑनलाइन माहिती भरीत बसणारा शिक्षक मात्र यंत्राच्या दृष्टीने पूर्ण हजर असतो. २०१६ च्या अखेरीस महाराष्ट्रात शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसह सेल्फी काढून पाठवावी, असा आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधानंतर तो स्थगित ठेवावा लागला, यात नवल ते काय? वर्गाचा पहिला तास मुलांचा असतो. तो पुराव्यासाठी खर्च करणे हाच मुळी एक उशीर आहे.

गाडीच्या दारातील माणूस

मुंबई आणि तिच्या उपनगरांत तर उशिराचा प्रश्न जिवाशी येऊन भिडला आहे. कर्जत, कसारा, विरार, पनवेल येथून येणारा कर्मचारी घरातून दोन तास आधी निघतो. त्याचे येणे त्याच्या इच्छेवर जितके अवलंबून असते तितकेच रुळांवर, सिग्नलवर आणि पावसावर असते. ९ जून २०२५ रोजी, सोमवारी, सकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले. त्या दारांत उभे असलेल्या प्रत्येकाच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकणार नाही. पण ही गाडी सुटली तर पुढची पंधरा मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी म्हणजे लेट मार्क, हा हिशोब करीत रोज हजारो माणसे दारांत पाय ठेवतात, हे ज्याने लोकलचा प्रवास केला आहे त्याला सांगण्याची गरज नाही. एका तांबड्या खुणेच्या धास्तीने माणूस जीव धोक्यात घालीत असेल, तर त्या खुणेचा पुनर्विचार करणे हे ढिलेपणाचे लक्षण खचित नव्हे.

कचेऱ्यांच्या वेळा विभागून द्याव्यात, ही सूचना नवी नाही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२३ मध्ये आपल्याच कचेरीच्या वेळा दोन पाळ्यांत विभागून इतरांना उदाहरण घालून दिले. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला तेव्हा पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ ठरविली आणि शिपायांसाठी साडेनऊ ते साडेसहा. सुटीचा एक दिवस वाढला, त्याबद्दल कर्मचाऱ्यांनी वेळ काटेकोर पाळावी, ही जनतेची अपेक्षा रास्तच आहे. पण सगळ्या शहराने एकाच घटकेला एकाच दिशेने धावावे, याचा आग्रह धरण्याचे कारण काय? येथे एक भेद करणे आवश्यक आहे. जेथे कोणी तरी समोर वाट पाहत असते, म्हणजे वर्ग, दवाखाना, टपालाची खिडकी, तहसीलचा सेतू, बँकेचा गल्ला, तेथे वेळेवर येणे हाच सेवेचा पहिला भाग आहे. तेथे सवलत देता येणार नाही, आणि ज्याला ते जमत नाही त्याला दुसरे काम द्यावे. पण टिपणी लिहिणे, हिशोब जुळविणे, आवक-जावक नोंदविणे ही कामे साडेनऊला सुरू केली काय आणि साडेदहाला सुरू केली काय, तास पुरे भरल्याशी कारण. तेथे तासाभराची लवचीकता देऊन ती संध्याकाळी भरून घेणे, हे न्यायाचे आणि सोयीचेही आहे.

फाईलचा लेट मार्क

या सगळ्या चर्चेत ज्याच्या नावाने ती चालते तो नागरिक मात्र बाजूलाच राहतो. त्याला कारकून किती वाजता आला याच्याशी फारसे कर्तव्य नसते. त्याचा दाखला किती दिवसांनी आला, याच्याशी असते. महाराष्ट्राने या बाबतीत इतर राज्यांच्या पुढे पाऊल टाकले होते. २००५ च्या बदल्या आणि विलंबप्रतिबंधक कायद्याने कोणतीही फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये, असे सांगितले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. कायदे आहेत, मुदती आहेत, दंडही आहे. पण दहा मिनिटांच्या उशिराची नोंद ज्या निष्ठेने रोज होते, त्या निष्ठेने सात दिवसांच्या उशिराची नोंद कोठे होते? माणसाच्या हजेरीपटावर रोज सही होते. फाईलचा हजेरीपट महिनोन् महिने कोणी उघडत नाही. वेळेवर येऊन दिवसभर फाईल दाबून ठेवणारा कर्मचारी नियमांच्या दृष्टीने आदर्श ठरतो, आणि तासभर उशिरा येऊन रात्रीपर्यंत टेबल मोकळे करणारा गुन्हेगार ठरतो. ही विसंगती जोवर दूर होत नाही, तोवर परिपत्रकांनी वक्तशीरपणा येईल ही आशा व्यर्थ आहे.

ती दूर करणे फारसे अवघडही नाही. पहिली गोष्ट, सचिवापासून शिपायापर्यंत सर्वांची नोंद एकाच यंत्रावर आणि एकाच नियमाने व्हावी. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याने दौरा कोठे व कशासाठी, हे त्याच नोंदीत लिहावे. दुसरी, कपात उशिराच्या प्रमाणात असावी आणि उशीर त्याच दिवशी भरून देण्याची मुभा असावी. सवयीच्या उशिराला मात्र विचारपूस करून, बाजू ऐकून, खातेनिहाय कारवाई व्हावी. तिसरी, येण्याबरोबर जाण्याचीही नोंद व्हावी आणि जादा तास बदली रजेच्या किंवा मोबदल्याच्या रूपाने परत मिळावेत. चौथी, ही नोंद कर्मचाऱ्याला पाहता यावी आणि यंत्राची चूक असेल तर ती दुरुस्त करून मागता यावी. आणि पाचवी, कोणत्या टेबलावर किती फाईली सात दिवसांहून अधिक काळ पडल्या आहेत, याची यादी दर आठवड्याला कचेरीच्या फलकावर, नागरिकांना वाचता येईल अशी, लागावी.

यांतील पहिल्या चार गोष्टी कर्मचारी संघटनांनी मागाव्यात आणि पाचवी त्यांनी आनंदाने स्वीकारावी. आजवर संघटनांनी यंत्राला विरोध केला. त्या विरोधात स्वाभिमान होता तसा सोयीचा भागही होता. खिडकीपुढे ताटकळणारा माणूसही कोणत्या तरी कारखान्यातील कामगार, कोणत्या तरी शाळेतील शिक्षक असतो. त्याने त्या दिवशी आपली रजा घालवून ही खिडकी गाठलेली असते. त्याची गेलेली रजा परत देणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. लोखंड्यांच्या काळातील कामगारांनी घड्याळाला विरोध केला नव्हता. घड्याळाने दोन्ही बाजूंना बांधून घ्यावे, एवढेच त्यांनी मागितले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही मागणी तीच आहे. फरक इतकाच की, आता तिच्यात तिसरी बाजू, खिडकीबाहेरच्या नागरिकाची, मिळविली गेली पाहिजे.